देवीच्या सेवकाचं एअरवे बिल

मुंबई आणि हॉलंड मिळून सव्वीस वर्षं मी जगभर माल पाठवला आणि त्यातला एक खोकाही स्वतः उचलला नाही. आमच्या धंद्याला फ्रेट फॉरवर्डिंग म्हणतात. माल गिऱ्हाइकाचा, विमान दुसऱ्याचं, ट्रक तिसऱ्याचा. आमचे फक्त कागद, मालाबरोबर विमानात जाणारं एअरवे बिल आणि बाकीचे. पण ते कागद नसतील तर माल जागचा हलत नाही आणि चुकीचे असतील तर भलत्याच देशात जाऊन बसतो. सगळं सुरळीत झालं तर आमचं नावही कुणाला आठवत नाही. काही बिनसलं की मात्र पहाटेपासून फोन आम्हालाच.

सहारच्या कार्गोत एका क्लिअरिंग एजंटकडे मी नऊ वर्षं काढली होती. पुढे माझ्या नवऱ्याला, सुधीरला, अ‍ॅमस्टरडॅमला आयटीतली नोकरी लागली आणि आम्ही बाडहूव्हडॉर्पला राहायला आलो. गाव इतकं स्खिपॉल विमानतळाला चिकटून, की दोरीवर कपडे वाळत घालताना विमानाच्या पोटावरचे आकडे वाचता यावेत. आमच्याबरोबरच्या बायका डच शिकायच्या क्लासला जात होत्या तेव्हा मी सायकलवरून कार्गोच्या शेड हिंडत होते आणि मला नोकरी द्या म्हणून सांगत होते. विम नावाच्या एका उंच, लालबुंद, सतत घाईत असलेल्या माणसाने मला ठेवून घेतलं. त्याच्या कंपनीत सहा माणसं होती. मी सातवी. "मुंबईच्या कस्टम्समध्ये नऊ वर्षं टिकलीस, म्हणजे तुला कुठेही टाकता येईल," असं तो म्हणाला. कौतुकच होतं ते, फक्त मला कळायला थोडा वेळ लागला.

गिऱ्हाइकं एकेक वल्ली. न्यूनेनला एक मराठी इंजिनियर होता, चिप बनवायच्या यंत्रांवर काम करणारा. त्याने इथली ती पुढे लाकडी पेटी असलेली तीन चाकी सायकल कोथरूडला वडिलांना भेट म्हणून पाठवायची ठरवली. मुंबईला उतरल्यावर कस्टम्समध्ये ती सायकल की हातगाडी, यावर तीन दिवस वाद चालला. शेवटी मी फोनवरून तिथल्या साहेबांना सांगितलं, "साहेब, पॅडल मारून बघा. पुढे गेली तर सायकल." त्यांनी खरंच मारून बघितलं. सुटली सायकल. गणपतीच्या कार्यक्रमात तर पुण्यातली पोरं मला गाठूनच असायची. काकू, गोडा मसाला कार्गोने येतो का? काकू, आईने वीस किलो पापड पाठवलेत, ते अडकतील का? मी सगळ्यांना एकच पाठ देत असे: खाण्याचं काही कागदावर न लिहिता खोक्यात घालू नका. तांदळाचा दाणासुद्धा नको. एकदा खोटं पकडलं गेलं की तुमचं खरंही कुणी मानत नाही.

हा पाठ मी किती तळमळीने देत असे ते लक्षात ठेवा.

२००६ सालचा फेब्रुवारी असेल. द हागजवळच्या रायस्वाइकहून एका बाईंचा फोन आला. इथे बाईंना मेव्हराऊ म्हणतात, तर या मेव्हराऊ स्मिट. आवाज कापरा, पण बोलणं अगदी नेमकं. जावा बेटावर एक लाकडी मूर्ती पाठवायची आहे, माणूस घरी पाठवा. विम म्हणाला, "तू जा. मूर्ती म्हणजे तुझा प्रांत."

मेव्हराऊंचं वय पंच्याऐंशीच्या पुढे. तिसऱ्या मजल्यावरचं छोटं, लख्ख घर. खिडकीत ऑर्किड, भिंतीवर जावाच्या बंदराचं एक जुनं चित्र. आणि कपाटावर तो उभा होता. अडीच फूट उंच, अंगाचा तांबडा रंग जागोजागी उडालेला, डोळे वटारलेले, सुळे बाहेर आणि उजवा हात कानामागे धरलेला, लांबचं काही ऐकू यावं म्हणून आपण धरतो तसा. मला एकदम हसू आलं. आमच्या चाळीतले कुलकर्णी आजोबा क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना अगदी असेच उभे राहत.

"हा कोण?" मी विचारलं.

"वाऱ्यावरून ऐकणारा," त्या म्हणाल्या. "बस. चहा घे. कहाणी लांब आहे."

चिनी खलाशांची एक देवी आहे, माझू. समुद्रावर अडकलेल्यांना वाचवणारी. जावाच्या चिनी लोकांत तिला माक्चो म्हणतात, म्हणजे थोरली आईच जवळजवळ. तिच्या दोन बाजूंना दोन सेवक असतात. एक हजार कोसांवरचं पाहतो, दुसरा वाऱ्यावरून ऐकतो. दोघेही आधी राक्षस होते, तिने जिंकून कामाला लावले. कुठे होडी बुडत असली की एक बघून सांगतो, दुसरा हाक ऐकून सांगतो, मग देवी धावते. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका लहान बंदरात या देवीचं फार जुनं देऊळ आहे. डचांच्या कंपनीचं पहिलं गलबत तिथे लागलं, त्याच्याही आधीचं असं तिथले लोक सांगतात. तांबडे खांब, छपरावर ड्रॅगन आणि दार थेट समुद्राकडे. जावावर डचांचं राज्य असताना मेव्हराऊंचे वडील त्या बंदराचे अधिकारी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. हा सेवक त्या देवळातला.

"आमच्या घराण्यातर्फे परत द्यायचा आहे," त्या म्हणाल्या. "देवळाला मी पत्र लिहिलं. आता पुजारी आहेत ते तेव्हाच्या पुजाऱ्याचे नातू. ते म्हणतात, पाठवा. पण देवीच्या वाढदिवसाच्या आत. त्या दिवशी मिरवणूक असते, सेवक तिच्यापुढे चालतात. तो एकदा तिच्या बाजूला उभा राहिला, एवढं मला ऐकायचं आहे. पुढच्या वर्षाचं मी काही धरून चालत नाही."

वाढदिवस कधी, तर तिसऱ्या चांद्रमहिन्याचा तेविसावा दिवस. म्हणजे कधी ते त्यांना नीट सांगता येईना. मी घरी आले आणि स्वयंपाकघरातली मराठी दिनदर्शिका काढली. त्यांचा तिसरा महिना म्हणजे आपला चैत्र, तेविसावा दिवस म्हणजे वद्य अष्टमी. वीस किंवा एकवीस एप्रिल. दुसऱ्या दिवशी पुजाऱ्यांचा निरोप आला: वीस. विमने मला विचारलं, तुला कसं कळलं? मी म्हटलं, चंद्र एकच आहे, विम.

मग कागद. जुनी कलावस्तू युरोपाबाहेर न्यायची तर सरकारी परवाना लागतो. लाकडी पेटी भट्टीत तापवून त्यावर शिक्का मारलेला असावा लागतो, नाहीतर पेटीतून किडे परदेशी जातात. तिकडे देवळाच्या कमिटीचं पत्र, जिल्ह्याचं पत्र, मूर्ती देवळातलीच असल्याचा जुना फोटो. सहा आठवडे मी त्या सेवकाच्या पायाशी बसले होते म्हणायला हरकत नाही. परवाना हातात आला तो गुड फ्रायडेच्या आदल्या सोमवारी. आता फक्त गुरुवारचं विमान उरलं होतं. ते चुकलं की पुढे ईस्टरची सुट्टी, सोमवारपर्यंत. सुट्टीनंतरच्या मंगळवारी पाठवला असता तर जकार्ताला बुधवारी, आणि वीस तारखेला तो कस्टम्सच्या गोदामात कानामागे हात धरून उभा.

बुधवारी दुपारी आमचा पॅकिंगवाला पेटी घेऊन रायस्वाइकला आला, मीही गेले. त्याने मूर्तीला मऊ कागदात गुंडाळायला घेतलं तशा मेव्हराऊ मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दार लोटलं.

"तू कागदावर लिहिलं आहेस, घराण्यातर्फे."

"तुम्हीच सांगितलंत."

"ते खोटं आहे. घराण्याचा काही संबंध नाही." त्यांनी ओट्याची कड धरली होती. "मी मागितला तो. मी आठ वर्षांची होते. देवळाला रंग देत होते, मूर्ती बाहेर अंगणात काढल्या होत्या. मी म्हटलं, पप्पा, मला हा हवा. पप्पांनी पुजाऱ्याकडे नुसतं पाहिलं. होड्यांचे परवाने पप्पांच्या सहीने मिळायचे. पुजारी काही बोलला नाही. त्यानेच उचलून आमच्या गाडीत ठेवला. वरून हसलासुद्धा. मग त्याच वर्षी आम्ही बोटीने इकडे आलो, हा माझ्या बिछान्याजवळ. सगळी मुलं खेळणी मागतात गं. मी एका आईचा कान मागितला. तेव्हापासून त्या किनाऱ्यावर जो बुडाला असेल, त्याची हाक तिला ऐकू गेली नसेल, असं माझ्या मनात येतं. म्हातारपणी जास्त येतं."

"हे पुजाऱ्यांना कळवलंत?"

"नाही. धीर होत नाही."

मी त्यांचा हात धरला एवढंच. असल्या वेळी आपली बुद्धी जिथे पळते तिथे माझी पळाली: हा देवीकडे चाललाय, इतक्या वर्षांनी, आणि रिकाम्या हाताने? आपल्याकडे देवीकडे जाणारं माणूस ओटीशिवाय उंबरा ओलांडत नाही. माझ्या पिशवीत द हागच्या सुरिनामी दुकानातून घेतलेला नारळ होता, घरी चैत्रागौरीला लागणारा. हिरवा खणही होता, मैत्रिणीसाठी शिवायला द्यायचा. तांदूळ मेव्हराऊंकडून मूठभर मागून घेतले, म्हटलं प्रथा आहे. पॅकिंगवाला खाली सिगारेट ओढायला गेला होता. मी खणात नारळ आणि तांदूळ बांधले, मूर्तीच्या पायाशी नीट दाबून बसवले, नमस्कार केला आणि कागद पुन्हा लावून टाकला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि मग मी मालाच्या घोषणापत्रावर सही केली: पेटीत एक लाकडी मूर्ती, भरीव, दुसरं काहीही नाही.

घरी सुधीरला हे कौतुकाने सांगितलं तर त्याचा घास हातातच राहिला. "अगं, तू साइन केलीयेस त्या डॉक्युमेंटवर! आणि जावाला नारळ? तिथे दर अंगणात माड असेल!" आमच्या मुलीने डचमध्ये विचारलं, बाबा का ओरडतोय. मी म्हटलं, बाबाला भक्ती कळत नाही. तरी सकाळी जाऊन काढून टाकू, असं ठरवून मी झोपले. सकाळी पोहोचले तर विमने, मेहनती माणूस, पेटी सात वाजताच शेडमध्ये नेऊन दिली होती.

दहाच्या सुमारास फोन आला. तुमची पेटी एक्सरेला थांबवली आहे, या.

एक्सरेवर काय दिसत होतं ते मी आजही काढून दाखवू शकते. मूर्तीच्या पायाशी एक वाटोळी वस्तू. जाड कवच, आत पोकळी, पोकळीत पाणी. विमानतळावर असली आकृती कुणालाही आवडत नाही. तपासणी अधिकारी रूब नावाचा पन्नाशीचा शांत माणूस होता. मी त्याला दोन वर्षं ओळखत होते. माझे कागद तो न वाचता बाजूला ठेवायचा, कारण माझ्या कागदात चूक नसते हे त्याला माहीत होतं. तो पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला, "सुलभा, भरीव मूर्ती, दुसरं काहीही नाही. मग हे काय आहे?"

विम शेजारी उभा. त्याचा रंग लालचा पांढरा होत चालला होता. एक क्षण माझ्या मनात आलं, मला माहीत नाही म्हणावं. आळ सरळ त्या पॅकिंगवाल्यावर जाईल. दुसऱ्याच क्षणी स्वतःची लाज वाटली.

"नारळ," मी म्हटलं.

"काय?"

"नारळ आहे. मी ठेवला. थोडे तांदूळ पण आहेत."

विमने डोळे मिटून घेतले. मग डचमध्ये जे म्हणाला ते छापण्यासारखं नाही. मी त्याला ओटी म्हणजे काय ते समजावून सांगायला लागले, सवाष्ण, देवी, रिकामा हात, तर तो हात वर करून म्हणाला, "नंतर. नंतर सांग. म्हणजे पुढच्या वर्षी."

पेटी उघडली. नारळ निघाला. रूबने तो हलवून पाहिला, कानाशी नेला, आतलं पाणी ऐकलं आणि बाजूच्या टेबलावर ठेवून दिला. तांदूळ झाडून पिशवीत भरले. खण झटकला आणि मला परत दिला, कापडाला काही हरकत नाही म्हणाला. मी म्हटलं, सुटलो. विमानाला अजून पाच तास होते.

पण रूब पडद्यासमोरून उठेना. त्याने मूर्ती एकटीच पुन्हा मशीनमधून काढली. पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, एक चौकोनी कप्पा दिसत होता. आत बारीकसारीक काहीतरी, आणि त्यात धातूचं काही चमकत होतं, दोऱ्यासारखंही काही.

"हे पण तूच ठेवलंस?"

"नाही! शपथ घेऊन सांगते, नाही."

"नारळाच्या बाबतीत तू सही करून सांगितलं होतंस," तो म्हणाला. रागावून नाही, वाईट वाटून. मला तेच जास्त लागलं. पुण्याच्या पोरांना जो पाठ मी वर्षानुवर्षं घोकून दाखवत होते, तो मला त्या शेडमध्ये परत ऐकावा लागला, आणि त्यातल्या एकाही शब्दात खोट काढता येत नव्हती.

मूर्ती उलटी करून पाहिली तर पाठीवर लाखेने बंद केलेलं एक छोटं झाकण होतं. रंगाखाली दडलेलं, हाताला नुसती कड लागत होती. रूब म्हणाला, हे उघडावं लागेल. एक पातळ पाती आत घातली की पाच मिनिटांचं काम. नंतर परत बसवून देऊ.

मी बाहेर येऊन मेव्हराऊंना फोन लावला. कप्प्याबद्दल विचारलं.

"उघडू देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "रंग देताना पुजारी आम्हा मुलांना सांगायचा. तिथे त्याचा जीव आहे. नाणं, पाच रंगांचा दोरा, देवीच्या उदबत्तीची राख. झाकण उघडलं तर तो नुसतं लाकूड होऊन जाईल. मी तिला लाकूड पाठवणार का आता?"

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. प्राणप्रतिष्ठा झालेल्या मूर्तीचं काय करायचं नि काय नाही, हे मी आईच्या मांडीवर शिकले. पण हे रूबला कसं पटवायचं, आणि तेही मी? सकाळी दहापर्यंत माझा शब्द त्या शेडमध्ये चालत होता. मी आत गेले आणि पहिल्यांदाच कागद न दाखवता बोलले. म्हटलं, रूब, नारळ ही माझी चूक. त्याची शिक्षा मला कर, कंपनीला कर. पण त्या म्हातारीला नको. मग मी त्याला सगळं सांगितलं, आठ वर्षांच्या मुलीपासून. कुणाचं गुपित फोडलं म्हणून मला आजही थोडं टोचतं. पण दुसरं काही हाताशी नव्हतं.

रूब ऐकत राहिला. मग विमकडे वळून म्हणाला, "नियमात उघडणं हा एकच मार्ग नाही. कुत्रा चालतो."

स्फोटकं हुंगणारी कुत्री तेव्हा शेडमध्ये रोजच असायची. त्यांची रीत अशी, की संशयास्पद वास आला तर कुत्रं भुंकत नाही, ओरबाडत नाही. शांतपणे खाली बसतं. बसलं की संपलं. न बसता पुढे गेलं तर माल मोकळा. अर्ध्या तासाने बेला नावाची काळीभोर लॅब्रेडॉर आली. तिला हे सगळं अर्थातच खेळ वाटत होतं. मूर्ती जमिनीवर मधोमध ठेवलेली. मी, विम, रूब आणि फोर्कलिफ्ट थांबवून आलेले चार जण भिंतीला लागून उभे.

बेलाने पायापासून सुरुवात केली. सुळे हुंगले. कानामागचा हात हुंगला. मग पाठीशी गेली आणि थांबली. झाकणावर नाक टेकवलं. शेपूट हलायची थांबली. मी मनात त्या देवीला, आमच्या गावच्या जाखमातेला आणि वाटेत जे जे कोणी असेल त्यांना हाका मारत होते. बेलाचे मागचे पाय जरासे वाकले. विमने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी वाकली. आणि बेला शिंकली. दोनदा. सत्तर-ऐंशी वर्षांची मुरलेली उदबत्ती शेवटी! मग तिने पाय झाडले, मूर्तीकडे पाठ फिरवली आणि टेबलाखाली जाऊन वर नारळाकडे आशेने पाहत उभी राहिली.

"मोकळा," रूब म्हणाला.

फोर्कलिफ्टवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. विमने मला मिठी मारली आणि त्याच दमात सांगितलं की सहा महिने तुझी सही कुठल्याही घोषणापत्रावर चालणार नाही, मंगळवारी लेखी पत्र मिळेल. मिळालंही. मी ते जपून ठेवलं आहे. सहा महिने मी फक्त टायपिंग केलं आणि माझे कागद दुसऱ्याकडे सहीला नेताना मान खाली घातली. त्या शिक्षेबद्दल माझी काही तक्रार नाही. खण मात्र रूबच्या देखत, कागदावर 'कापडाचा एक तुकडा' असं लिहून, मी मूर्तीला गुंडाळून दिला. त्याचं पुढे काय झालं मला कळलं नाही.

तीनच्या विमानाने सेवक गेला.

पुढचे सहा दिवस मी जकार्ताच्या एजंटला इतके फोन केले की तो मला "सिस्टर" म्हणायला लागला. सोमवारी सुटका झाली. मंगळवारी ट्रक किनाऱ्याने निघाला. बुधवारी संध्याकाळी देवळात पोहोचला. वीस तारखेला सकाळी मी कामावर रजा टाकली आणि रायस्वाइकला गेले. पुजाऱ्यांनी मिरवणुकीच्या वेळी फोन करतो म्हणून कळवलं होतं. मेव्हराऊंनी निळा चांगला झगा घातला होता, केसांना क्लिप लावली होती. टेबलावर दोन कप आणि केक. कपाटावरची जागा रिकामी, तिथे धुळीत पायांचे दोन ठसे राहिले होते. त्यांनी ते पुसले नव्हते.

फोन वाजला. स्पीकरवर टाकला. आधी नुसता गोंगाट: ढोल, झांजा, फटाके, माणसांचा आरडाओरडा. मग एका पुरुषाचा आवाज, मलायमध्ये. मला त्यातलं अक्षर कळेना. मेव्हराऊ ऐकत होत्या, मधे मधे मला डचमध्ये सांगत होत्या. पोहोचला. धुतला. देवीच्या डाव्या बाजूला उभा केला. मग त्यांनी समोरचा कप बाजूला सारला. पलीकडचा माणूस हॅलो, हॅलो करायला लागला. मला वाटलं लाइन गेली. पण मेव्हराऊ दोन्ही हात टेबलावर ठेवून, ताठ बसून, शाळेत पाठांतर म्हणतात तशा सुरात मलायमध्ये बोलायला लागल्या. पाच-सहाच वाक्यं असतील. शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज आठ वर्षांच्या मुलीइतका बारीक झाला.

पलीकडे नुसता ढोल वाजत राहिला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग तो पुजारी ओरडला. फोनमध्ये नाही, त्याच्या आजूबाजूच्यांना. काहीतरी एकच वाक्य. आणि त्या सबंध गर्दीतून असा हशा आणि असा जल्लोष उठला की टेबलावरचे चमचे किणकिणले. बायकांचे आवाज, पोरांचे आवाज, कुणीतरी फोनपाशी येऊन काही बोलून जातंय, मग दुसरं. मेव्हराऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या, दोन्ही एकाच वेळी.

"काय म्हणतात? मला सांगा ना!" मीही रडतच होते, कशासाठी ते न कळता.

"ते म्हणतायत, ती मुलगी जिवंत आहे! ती मुलगी बोलतेय!" त्यांनी डोळे पुसले. "त्यांना माहीत होतं गं. सगळ्यांना माहीत होतं. आजोबा पुजाऱ्यांनी गावात सांगून ठेवलं होतं. की बंदरवाल्या साहेबाची मुलगी इतका मोठा समुद्र ओलांडून चालली होती, तेव्हा देवीने आपल्या दोघांतला एक तिच्या सोबतीला दिला. मुलीने मागितला नाही, देवीनेच पाठवला. आणि त्याच वर्षी इथे त्याच्या जागी दुसरा घडवून उभा केला, तात्पुरता. तो अजून उभा आहे. कुणाची हाक चुकली नाही. एकाचीही नाही."

त्या पुजाऱ्याने तेव्हा, गाडीत मूर्ती ठेवताना, हसून दाखवलं होतं म्हणे. त्याने ती गोष्ट मुलीला दोष लागू नये म्हणून रचली, की स्वतःचं दुःख सोसवावं म्हणून, की त्याला खरंच तसं वाटलं, कोण सांगणार. पण ती गोष्ट गावाने सांभाळली होती.

फोनवर पुजारी परत काहीतरी विचारत होता. मेव्हराऊ ऐकून खो खो हसल्या.

"आता काय?"

"म्हणतात, आता आमच्याकडे ऐकणारे दोन झालेत. मोठा घरी आला. तुम्ही तिथे एकट्या आहात, तर धाकट्याला तुमच्याकडे पाठवून देऊ का?"

मी दोन्ही हात जोडले. परवाना, शिक्का, एक्सरे, विमचं तोंड, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मेव्हराऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटावरच्या त्या दोन ठशांकडे. एक-दोन क्षण त्या खरंच विचार करत होत्या. मग फोनच्या जवळ वाकून त्यांनी मलायमध्ये हळूच काहीतरी सांगितलं, आणि पलीकडे पुन्हा हशा पिकला.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं, नको. आता मला कुठला समुद्र ओलांडायचा नाही. आणि पुढे जिथे जायचंय, तिथे सोबतीला कुणी नसलं तरी चालेल, आता मी कुणाचं काही घेऊन चालले नाहीये."